धातुमळी : भट्टीने मागे टाकलेल्या पदार्थांविषयी एक धडा

ज्या वस्तूंवाचून आपला एकही दिवस जात नाही त्यांत धातूंच्या वस्तू पुष्कळ आहेत. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ व विळा, गृहिणीचा तवा, पाण्याचा तांब्या, विजेची तार, पत्र्यावरील जस्ताचा मुलामा, मोटारीच्या बॅटरीतील शिसे, ही सर्व कोणत्या ना कोणत्या भट्टीतून आली आहेत. भट्टीतून निघालेली धातू आपल्या घरी येते, परंतु तिच्यामागे भट्टीपाशी जे उरते त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारणे आवश्यक आहे, कारण त्या उरलेल्या पदार्थांनी कोठे शेते पिकविली आहेत, तर कोठे लेकरांची शरीरे व बुद्धी दुबळी केली आहेत. म्हणून ह्या धड्यात आम्ही त्याच विषयाचा विचार करणार आहोत.

१. मळी म्हणजे काय?

येथे मळी म्हणजे साखर कारखान्यातील मळी नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. खनिज दगड वितळवून धातू काढिताना जो काचेसारखा मळ वेगळा होतो त्यास धातुमळी म्हणतात. लोखंडाच्या मळीस आपले लोक कीट किंवा लोहकीट म्हणत आले आहेत. कारखान्यांत तिचे नाव स्लॅग असे आहे.

खाणीतून निघालेल्या दगडात धातू बहुधा शुद्ध स्थितीत नसते. लोखंड प्राणवायूशी संयोग पावलेले असते. तांबे, शिसे व जस्त ही बहुतकरून गंधकाशी जडलेली असतात. शिवाय वाळू व चिकणमाती ह्यांतील द्रव्ये त्या दगडात मिसळलेली असतात. म्हणून भट्टीस दोन कामे करावी लागतात. धातूपासून प्राणवायू किंवा गंधक सोडविणे हे पहिले, आणि दगडमातीचा अंश वेगळा करणे हे दुसरे.

लोखंडाच्या मोठ्या भट्टीत ही कामे कशी होतात ते पाहू. भट्टीत वरून लोखंडाचा दगड, कोक व चुनखडी हे तीन पदार्थ टाकितात व खालून तापलेली हवा फुंकतात. कोकच्या ज्वलनाने उष्णता तर उत्पन्न होतेच, शिवाय त्यापासून जो वायू निघतो तो लोखंडातील प्राणवायू हिरावून घेतो. चुनखडी तापून तिचा चुना होतो. वाळूचे द्रव्य एकटे असता सहज वितळत नाही, पण चुन्याशी त्याचा संयोग झाला की त्याचा पातळ रस होतो. हाच रस म्हणजे मळी होय. लोखंडाचा रस पाण्याच्या सुमारे सातपट जड असतो व मळी पाण्याच्या अडीच ते तीनपट जड असते. त्यामुळे दुधावर साय यावी त्याप्रमाणे मळी लोखंडावर तरंगते आणि दोन्ही निरनिराळी काढून घेता येतात.

तेव्हा मळी हा निव्वळ उपद्रव आहे असे कोणी समजू नये. ती तयार झाली नाही तर धातू शुद्ध होतच नाही. परंतु तिचे प्रमाण थोडे नसते. एक टन लोखंडामागे बहुधा २५० ते ३५० किलोग्रॅम मळी निघते. तांब्याच्या खनिजात तांबे थोडे व लोखंड पुष्कळ असल्यामुळे एक टन तांब्यामागे दोन टनांहून अधिक मळी उरते. मळीखेरीज भट्टीतून आणखी दोन पदार्थ बाहेर पडतात, ते म्हणजे धुराड्यातून जाणारा वायू आणि त्याच्याबरोबर उडणारी बारीक धूळ. मळी, वायू व धूळ ह्या तिहींचा विचार केल्याविना हा धडा पुरा होणार नाही.

२. प्राचीन काळची मळी

आमच्या महाराष्ट्रात लोखंड काढण्याची कला फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या परिसरात नायकुंड नावाचे गाव आहे. तेथे १९७८ ते १९८० ह्या काळात देव व जामखेडकर ह्या संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी व तिच्याबरोबर मळी सापडली. ती भट्टी ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची मानितात. मोठी शिलावर्तुळे उभारून आपल्या मृतांस पुरणारे जे लोक विदर्भात राहत होते त्यांची ही भट्टी होय.

त्या काळच्या लहान भट्टीत हवा भात्याने फुंकीत व इंधन म्हणून कोळसा वापरीत. तीत लोखंड पूर्णपणे वितळण्याइतकी उष्णता होत नसे. मळी तेवढी पातळ होऊन वाहून जाई आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राही. तो तापवून व ठोकून त्यातील उरलीसुरली मळी काढून टाकावी लागे. चुनखडी घालण्याची रीत त्या वेळी नव्हती. त्यामुळे वाळूचे द्रव्य लोखंडाशीच संयोग पावे व बरेच लोखंड मळीतच राहून जाई. जुने कीट काळे व हाताला जड का लागते, ह्याचे कारण हेच होय. जुन्या वैद्यांनी अशा जुन्या लोहकीटास मंडूर असे नाव देऊन त्याचे भस्म औषधात घेतले, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

इटली देशात समुद्रकाठी पोपुलोनिया नावाचे स्थान आहे. तेथे एट्रुस्कन लोकांनी अनेक शतके लोखंड गाळिले आणि मळीचे एवढे ढीग घातले की त्यांच्या पूर्वजांची थडगी त्यांखाली बुजून गेली. त्या मळीत पुष्कळ लोखंड उरले असल्यामुळे विसाव्या शतकात ते ढीग उपसून पुन्हा भट्टीत घालण्यात आले, आणि मग ती थडगी उघडी पडली. पूर्वजांनी निरुपयोगी म्हणून टाकिले ते वंशजांस खाणीसारखे उपयोगी पडले.

शास्त्राच्या वाचकांस ह्याहून जवळचे एक उदाहरण सांगू. मृत समुद्राच्या दक्षिणेस, जुन्या एदोम देशात, आजच्या जॉर्डन राज्यात, खिर्बत एन-नहास म्हणून एक ओसाड जागा आहे. अरबी भाषेतील ह्या नावाचा अर्थ तांब्याचे उजाड स्थान असा आहे. तेथे तांब्याच्या काळ्या मळीचे मोठमोठे ढीग आजही दिसतात. अलीकडील उत्खननांवरून तेथील बरेच काम ख्रिस्तपूर्व दहाव्या व नवव्या शतकांतील होते असे दिसून आले आहे. यशया, यिर्मया व यहेज्केल ह्या संदेष्ट्यांनी रुपे गाळण्याचा व त्यातील मळ काढण्याचा दृष्टांत घेतला, तो त्यांच्या श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या कामाचाच होता. त्या काळी रुपे शिशाबरोबर तापवून शुद्ध करीत. शिसे जळून मळात जाई व रुपे मागे राही. त्या दृष्टांतात लक्ष रुप्याकडे आहे. आपण ह्या धड्यात लक्ष मळाकडे ठेविले आहे, कारण तो रुप्यापासून वेगळा झाला तरी पृथ्वीवरून नाहीसा होत नाही.

३. टाकाऊ पदार्थ उपयोगी कसा झाला?

इंग्लंडात १८५६ साली बेसेमर ह्याने पोलाद स्वस्तात करण्याची युक्ती काढिली. वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून त्यातील कोळशाचा अंश जाळून टाकावयाचा, ही ती युक्ती होय. परंतु तीत एक मोठी अडचण होती. ज्या खनिजात फॉस्फरस हे द्रव्य असे त्याचे पोलाद ठिसूळ होई, आणि युरोपातील पुष्कळ खनिज तर तशाच प्रकारचे होते. मोठमोठ्या कारखानदारांस ह्यावर उपाय सापडेना.

तो उपाय सिडनी गिलक्रिस्ट थॉमस ह्या तरुणाने शोधून काढिला. त्याचा जन्म १८५० सालचा. बाप लवकर वारल्यामुळे त्याने लंडनमधील एका पोलिस न्यायालयात कारकुनी पतकरिली. दिवसा कचेरीचे काम करावे व सायंकाळी रसायनशास्त्राच्या वर्गास जावे, असा त्याचा क्रम होता. त्याच्या ध्यानात आले की भट्टीच्या आतील विटा वाळूच्या द्रव्याच्या असल्यामुळे फॉस्फरस मळीत टिकत नाही. विटा चुन्याच्या जातीच्या केल्या व आत चुनाही घातला, तर फॉस्फरस चुन्याशी जडून मळीत राहील. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलक्रिस्ट वेल्स प्रांतातील एका लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ होता. त्याच्या साह्याने प्रयोग करून त्याने ही गोष्ट सिद्ध केली, आणि १८७९ साली मिडल्सबरो येथे मोठ्या भट्टीत ती सर्वांस दाखविली. पुढे १८८५ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने तो मरण पावला. आपल्या मिळकतीचा उपयोग कष्टकऱ्यांच्या हितासाठी व्हावा अशी त्याची इच्छा होती, आणि त्याच्या बहिणीने ती पार पाडिली.

आता ह्या गोष्टीतील मुख्य भाग ऐका. पोलादातून निघालेला फॉस्फरस मळीत गेला, आणि पिकांस तर फॉस्फरस पाहिजेच असतो. ती मळी पिठासारखी दळून शेतात टाकिली तेव्हा ती उत्तम खत ठरली. इंग्लंडच्या उत्तरेस कॉकल पार्क येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोग सुरू झाले, त्यांत निकृष्ट कुरणांवर हे खत पसरताच पांढऱ्या क्लोव्हरची वाढ झाली. क्लोव्हर ही आपल्या मेथीघासाच्या जातीची शेंगवर्गी वनस्पती असून तिच्या मुळांच्या गाठींतील जंतू हवेतील नत्र जमिनीत आणितात. त्यामुळे कुरण सुधारले व मेंढरे पुष्ट झाली. जे द्रव्य पोलादास घातक तेच गवतास पोषक ठरले.

ह्यावरून कोणी कारखान्याची वाटेल ती मळी आणून शेतात टाकू नये. आता बहुतेक ठिकाणी अल्प फॉस्फरसचे खनिज वापरितात, म्हणून आजची मळी त्या जुन्या खताच्या तोडीची असेलच असे नाही. मातीची परीक्षा व कृषी अधिकाऱ्याचा सल्ला ह्यांवाचून हा प्रयोग करू नये.

मोठ्या भट्टीच्या मळीचा दुसरा उपयोग घरबांधणीत होतो. वितळलेली मळी सावकाश निवाली तर दगडासारखी होते व ती फोडून खडी करितात. पण तिच्यावर एकदम पाण्याचा जोराचा फवारा सोडिला तर तिचे वाळूसारखे काचमय कण होतात. चुन्याच्या संगतीत हे कण सिमेंटाप्रमाणे घट्ट होतात, असे १८६२ साली जर्मनीतील एमिल लांगेन ह्यास आढळून आले. आमच्या देशात जमशेदपूर येथील भट्ट्या १९११ पासून व भिलाई येथील १९५९ पासून लोखंड गाळीत आल्या. अशा भट्ट्यांची मळी सिमेंटाचे कारखाने घेतात. मळीमिश्रित पोर्टलँड सिमेंटात ती शेकडा २५ ते ७० पर्यंत असू शकते. ह्या सिमेंटास आरंभी ताकद सावकाश येते, म्हणून त्यावर पाणी मारण्यात आळस करू नये. पण खाऱ्या हवापाण्यास ते चांगले टिकते, ही गोष्ट कोकणपट्टीतील लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पोलाद करिताना जी मळी निघते तिची गोष्ट थोडी निराळी आहे. तीत मोकळा चुना राहतो व तो पाणी शोषून फुगतो. म्हणून ती मुरविल्यावाचून बांधकामात घालणे धोक्याचे असते. योग्य संस्कार केल्यावर मात्र ती रस्त्यास चालते. सुरतेजवळ हजिरा येथे २०२२ साली सुमारे एक किलोमीटर लांबीचा सहापदरी रस्ता अशा मळीच्या खडीने बांधण्यात आला व त्यात सुमारे एक लाख टन मळी खपली.

४. धुराड्यातून गेलेला वायू

अमेरिकेतील टेनेसी संस्थानात डकटाऊन नावाची तांब्याची वसाहत होती. तेथील खनिजात गंधक फार. ते जाळून टाकण्यासाठी लाकडांच्या थरांवर खनिजाचे ढीग रचून उघड्यावरच पेटवीत. सरपणासाठी डोंगर बोडके झाले आणि गंधकाच्या वायूने उरलीसुरली झाडेझुडपे मारिली. सुमारे ५० चौरस मैलांचा मुलूख उजाड झाला व तेथील माती पावसाने धुपून ओढ्यांत गेली. वाऱ्याबरोबर तो वायू सरहद्दीपलीकडे जॉर्जिया संस्थानात जाई व तेथील शेतांची आणि रानांची हानी करी.

जॉर्जिया संस्थानाने ह्याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९०७ साली निकाल जॉर्जियाच्या बाजूने लागला. आपल्या धंद्याचा धूर शेजाऱ्याच्या रानावर सोडण्याचा कोणास अधिकार नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले. मग कंपन्यांनी तो वायू धरून त्यापासून गंधकाम्ल करण्यास आरंभ केला. हे अम्ल सुपरफॉस्फेट खत करण्यास लागते, आणि कालांतराने त्याची किंमत तांब्याच्या बरोबरीने महत्त्वाची झाली. जो वायू शेजाऱ्याचे शेत जाळीत होता तोच बाटलीत सापडल्यावर शेतास उपयोगी पडला. तथापि उजाड झालेले डोंगर पुन्हा हिरवे करण्यास अनेक दशके झाडे लावावी लागली. न्यायालयाचा निकाल एका दिवसात होतो, पण वाहून गेलेली माती एका दिवसात परत येत नाही.

५. शिशाचे ढीग व मुले

आता ह्या धड्यातील सर्वांत गंभीर भागाकडे वळू. आफ्रिका खंडातील झांबिया देशात काब्वे नावाचे शहर आहे. पूर्वी त्यास ब्रोकन हिल म्हणत. तेथे १९०४ च्या सुमारास शिसे व जस्त ह्यांची खाण सुरू झाली व १९९४ साली ती बंद झाली. खाण व भट्टी थांबली, परंतु मळीचे व चाळीचे ढीग तेथेच राहिले. वाऱ्याबरोबर त्यांची धूळ आसपासच्या वस्त्यांत, अंगणांत व घरांत जाऊन बसली. लगतच्या वस्त्यांतील मुलांचे रक्त तपासले असता जवळजवळ सर्वांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. पोटासाठी काही लोक त्याच ढिगांत खणून उरलेले शिसे काढीत राहिले, त्यामुळे धूळ अधिकच उडाली.

शिसे हे सावकाश मारणारे विष आहे. ते हाडांत साठून राहते. पोटदुखी, बद्धकोष्ठ, पंडुरोग व अशक्तता ही त्याची लक्षणे होत. लहान मुले मातीत खेळून हात तोंडात घालितात, आणि त्यांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार ते पाचपट भाग त्यांचे शरीर शोषू शकते. त्यांच्या वाढत्या मेंदूस त्याने जी इजा होते ती पुढे भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. आईच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंतही पोहोचते. शाळेत एखादे मूल मंद दिसले तर आपण त्यास आळशी म्हणतो. पण अशा ढिगाशेजारच्या गावात त्याच्या मंदपणाचे कारण त्याच्या अंगणातील धूळही असू शकते.

हा प्रकार दूर देशाचाच आहे असे समजून निश्चिंत राहू नये. मोटारींच्या व इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसे उघड्या चुलीवर वा लहान भट्टीत गाळण्याचा चोरटा धंदा आमच्याही देशात चालतो. अशा भट्टीची राख व मळी बांधावर, नाल्यात किंवा वाटेवर फेकिली जाते. तिच्यात शिसे पुष्कळ उरलेले असते. कामकऱ्याच्या कपड्यांबरोबर तीच धूळ त्याच्या घरी जाते व तान्ह्या मुलाच्या अंथरुणापर्यंत पोहोचते.

६. आम्ही काय करावे?

पहिली गोष्ट ही की, सर्व मळी एकसारखी नसते. लोखंडाच्या मोठ्या भट्टीची मळी बहुतांशी चुना व वाळू ह्यांची असते, तर शिशाच्या भट्टीची मळी विषारी असते. म्हणून कोणी फुकट मळी आणून अंगणात, शाळेच्या पटांगणात वा रस्त्यावर पसरू लागला, तर ती कोणत्या भट्टीची आहे हे प्रथम विचारावे. उत्तर मिळत नसेल तर ती घेऊ नये.

दुसरी गोष्ट, जुनी बॅटरी घरी फोडू नये व भंगारवाल्यासही उघड्यावर फोडू देऊ नये. ती दुकानदारास परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

तिसरी गोष्ट, गावाजवळ शिशाची भट्टी चालत असेल तर ग्रामसभेत तो विषय काढावा व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी. मुलांच्या रक्ताची तपासणी कोठे होते हे सरकारी रुग्णालयात विचारावे. तोपर्यंत जेवणापूर्वी मुलांचे हात धुवावे, घर कोरडे न झाडता ओल्या फडक्याने पुसावे, कामाचे कपडे वेगळे धुवावे, आणि मुलांस लोह व चुना ज्यांत आहे असे अन्न, म्हणजे पालेभाजी, नाचणी, दूध, पोटभर द्यावे. पोट भरलेले असता शिसे कमी शोषिले जाते.

चौथी गोष्ट, अशा भट्टीवर काम करणारे बहुधा गरीब लोक असतात. त्यांचा तिरस्कार करू नये. त्यांची लेकरे सर्वांआधी व सर्वांत अधिक आजारी पडतात. भट्टी बंद करावयास सांगताना त्यांच्या भाकरीची वाट काय, ह्याचाही विचार गावाने केला पाहिजे.

थॉमसची मळी, डकटाऊनचा वायू आणि काब्वेची धूळ ही तिन्ही टाकाऊच होती. दोन ठिकाणी मनुष्याने त्यांची चौकशी केली, त्यांचा गुण ओळखिला व त्यांस जागा नेमून दिली. तिसऱ्या ठिकाणी ती तशीच सोडून तो निघून गेला, आणि तिचा भार मुलांनी वाहिला.

विचारासाठी प्रश्न

१. भट्टीत चुनखडी का घालितात? ती घातली नाही तर काय होते?
२. नायकुंड येथील काळातली मळी आजच्या मळीपेक्षा जड का असावी?
३. फॉस्फरस पोलादास घातक व गवतास पोषक कसा?
४. जॉर्जियाच्या तक्रारीमुळे कंपन्यांचे अखेरीस नुकसान झाले की लाभ?
५. आपल्या गावात जुन्या बॅटऱ्या कोठे जातात? ह्या आठवड्यात चौकशी करून मंडळीच्या सभेत सांगा.